डाव्या बाजूचा कप

थोरली दुकानदारांना भीत नसे; दुकानदारच तिला वचकून असत. लाकडाच्या वखारीत ती शिरली की मालक स्वतः उठून चांगल्या फळ्या पुढे काढायचा, कारण खराब फळी तिच्या हाती लागली तर ती चारचौघांत त्याची बिनपाण्याने करायची. कापडवाला, खिळेवाला, सरस विकणारा, सगळ्यांशी तिची भांडणं ठरलेली आणि भांडणानंतरचा चहाही ठरलेला. अशी ही बाई त्या दुपारी मॉडेलच्या दुकानाच्या दारात, चुकून दुसऱ्याच वर्गात येऊन उभ्या राहिलेल्या मुलासारखी, पिशवी पोटाशी धरून उभी होती.

आत काचेच्या कपाटांत बोटभर सैनिक, आगगाड्या, पंख न चिकटवलेली विमानं होती. मागच्या भिंतीवर एअरब्रश ओळीने टांगले होते. एअरब्रश म्हणजे काय हे तिला कोणी सांगायला नको होतं. पेनासारखं धरायचं हत्यार, मागून नळीतून हवा येते, कपातून रंग येतो, आणि टोकातून रंगाचं धुकं बाहेर पडतं. तिच्या कारखान्यात तो वर्षानुवर्षं होता. पण तिच्या हातात एकदाही नव्हता. तो धाकटीचा प्रांत होता.

कारखाना म्हणायचा म्हणून म्हणायचा. एका गॅरेजच्या मागची पत्र्याची लांब खोली, दोन टेबलं, एक मोरी. तिथे दोघी बहिणी नाटकांसाठी सामान बनवत: न कापणाऱ्या तलवारी, डोक्याला न टोचणारे मुकुट, कधीच शिळे न होणारे पाव. थोरली कागदाचा लगदा भिजवायची, साचे काढायची, घासायची, पहिला रंग द्यायची. मग ती वस्तू धाकटीच्या टेबलावर जायची आणि तिथे तिच्यात जीव यायचा. गालावरची लाली, जुन्या लोखंडावरची काजळी, पावाची करपलेली कड, हे सगळं धाकटीच्या डाव्या हाताचं काम. आणि तिथून परत आल्यावर थोरली बारीक ब्रश घेऊन वरून एखादा फटकारा मारायचीच. तिला राहवायचंच नाही. "शेवटचा हात," असं ती त्याला म्हणायची, आणि इतक्या प्रेमाने म्हणायची की धाकटीने त्यावर काय बोलावं?

शेवटी एकदा बोलली. एका राजाचा मुखवटा होता. धाकटीने त्याच्या डोळ्यांखाली थकवा उतरवला होता, नुसत्या दोन सावल्या. थोरलीने सवयीने त्यावर सुरकुत्या काढल्या. धाकटी म्हणाली, हे तू माझ्या कामावर आता करू नकोस. एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले, आणि थोरलीच्या तोंडून निघून गेलं की तुझ्यावाचून माझं काही अडत नाही. पुढच्याच महिन्यात धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या संग्रहालयात लागली. तिथे ती काचेआडच्या देखाव्यांसाठी पक्षी आणि झाडं रंगवत असे. स्वतःचा एअरब्रश ती घेऊन गेली, कॉम्प्रेसर जड म्हणून तिथेच राहिला.

भांडण झालं म्हणून बहिणी तुटल्या नाहीत. फोन व्हायचे. पण बोलणं तब्येत आणि हवापाणी यापुढे जायचं नाही. मग थोरली फोन ठेवून त्या रिकाम्या टेबलाकडे बघत बसायची. ते टेबल तिने कशासाठीही वापरलं नाही. खोलीत पाय ठेवायला जागा नसली तरी नाही.

काही अडत नाही म्हणाली खरी, पण अडायचं ते अडलंच. आधी कॉम्प्रेसर गेला. थोरली त्याचा उपयोग फक्त साच्यांतली धूळ उडवायला करत होती, आणि एक दिवस टाकीच्या तळातून फुसफुस सुरू झाली. दुरुस्तीवाल्याने टाकी तिरकी केली तर तांबडं पाणी बाहेर आलं. हवा दाबली की तिच्यातलं पाणी खाली साचतं, त्याने सांगितलं, ते रोज संध्याकाळी सोडावं लागतं, नाहीतर टाकी आतून गंजते. तुम्ही सोडत नव्हता का? थोरली म्हणाली, आम्ही सोडत होतो. धाकटी रोज निघण्याआधी एक भांडं घेऊन कॉम्प्रेसरपाशी खाली वाकायची, एवढं तिला आठवत होतं. तिला वाटायचं, पुसत असेल. ही पोरगी ऊठसूट पुसतच असते.

मग फळांचं काम आलं. एका नाटक कंपनीला पूर्ण अंकभर रंगमंचावर फळवाल्याचं दुकान हवं होतं. सफरचंदं, नासपती, द्राक्षं, आणि सगळ्यांत पुढे पीच. कंपनीचा व्यवस्थापक बजावून गेला होता की पहिल्या रांगेतल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. थोरलीने पीच ब्रशने रंगवून पाहिलं, स्पंजाने पाहिलं, बोटानेही पाहिलं. पिवळ्यातून लाल कुठे सुरू होतो ते कळताच कामा नये, आणि तिच्या पीचवर ते लांबूनही कळत होतं. कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखी ती फळं दिसत होती. बाहेरून माणूस लावता आला असता. लावला नाही. मी स्वतःच एअरब्रश घेईन आणि शिकेन, असं तिने ठरवलं. निदान तसं तिने स्वतःला सांगितलं.

दुकानदार साठीचा, कपाळावर भिंग चढवलेला, सावकाश बोलणारा माणूस होता. बोटभर सैनिकांच्या बुटांना चिखल लावणं हा त्याचा छंद, त्यामुळे घाई हा प्रकार त्याला माहीत नव्हता. त्याने थोरलीसमोर स्टूल सरकवलं आणि काय रंगवणार ते विचारून घेतलं. मग समजावू लागला. काही एअरब्रशमध्ये बटण दाबलं की हवा आणि रंग एकदमच येतात. काहींमध्ये बटण दाबलं की नुसती हवा, आणि तेच मागे ओढाल तसा रंग. थोरली म्हणाली, दुसरा. त्याने वर कप असलेला दाखवला, तर ती म्हणाली, कप बाजूला असतो तो हवा, आणि बटण एकदम हलकं पाहिजे, बोटाला जोर पडता कामा नये. त्याने तसा काढला. मग तिने सांगितलं, कप डाव्या बाजूला लावून द्या.

दुकानदाराने कप लावला आणि एअरब्रश तिच्या पुढे धरला. थोरलीने तो उजव्या हातात घेतला. कप नेमका तिच्या डोळ्यांच्या आणि टोकाच्या मध्ये आला. तिने मान जरा तिरकी केली. दुकानदार ते बघून कॉम्प्रेसरकडे वळला.

इथेही तिला सगळं पाठ होतं. टाकी असलेलाच हवा, नाहीतर हवा धक्के देत येते. नळी लांब हवी, कामाभोवती फिरता आलं पाहिजे. आणि आवाज अजिबात नको. दुकानदाराने दोन चालू करून दाखवले. एक खणखणीत वाजत होता, पण मजबूत होता आणि तिच्या कामाला पुरून उरणारा होता. दुसरा जेमतेम गुणगुणत होता. तिने गुणगुणणाऱ्यावर हात ठेवला. दुकानदार म्हणाला, तुमचा कारखाना गॅरेजच्या मागे आहे म्हणता, दिवसभर तिथे हातोडे चालत असतील, मग आवाजाचा त्रास कुणाला होणार?

"डोकं दुखतं," थोरली म्हणाली. "एकदा सुरू झालं की दोन दिवस जात नाही. अंधार करून पडून राहावं लागतं."

दुकानदाराने भिंग कपाळावरून काढून टेबलावर ठेवलं. डावखुऱ्या आहेत, त्याने शांतपणे बोटांवर मोजलं, बोट अधू असावं, काम करताना चालायची सवय आहे, आवाजाने डोकं दुखतं.

"ताई, ज्यांच्यासाठी घेताय त्यांनाच एकदा घेऊन या ना," तो म्हणाला. "हत्यार हातात धरून बघितलेलं बरं."

थोरली एअरब्रश धरलेल्या आपल्या हाताकडे बघत राहिली. तिचं डोकं जन्मात कधी दुखलं नव्हतं. काम करताना ती एकदा स्टुलावर बसली की जेवायलाच उठायची. बोट धाकटीचं अधू होतं, साचा कापताना पातं लागलं होतं तेव्हापासून. थोरलीने इतका वेळ एक गोष्टही स्वतःसाठी मागितली नव्हती, आणि ते तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. ती म्हणाली, बांधून द्या. दुकानदार म्हणाला, आत रंग घातला नाहीत तोवर केव्हाही बदलून देईन, रंग घातला की मग माझ्या हातात काही नाही. आणि त्याने कप डाव्या बाजूलाच ठेवून खोक्यात घातला.

दुसऱ्या दिवशी ती कॉम्प्रेसर कारखान्यात ठेवून फक्त खोकं घेऊन संग्रहालयात गेली. बसमध्ये तिने बोलायची सगळी वाक्यं जुळवली. मी नवीन आणलाय, तू एकदा बघून दे, तुझ्याइतकं कोणाला कळतं? एवढंच. पुढचं हत्यारच बोलेल. धाकटीच्या हातात ते बसेल, तिला कामाची सुरसुरी येईल, मग आपण फळांचं नाव काढायचं. आणि थोरलीने पिशवीत पिवळ्या आणि लाल रंगाच्या दोन बाटल्याही टाकल्या होत्या. एकदा रंग आत गेला की ते धाकटीचं.

धाकटीची खोली तळघरात होती, पण प्रकाश चांगला होता. मोठ्या टेबलावर तळ्याचा काठ मांडला होता. लव्हाळी, ओली दिसणारी पण कोरडी असलेली माती, एका पायावर उभा राहिलेला बगळा. भिंतीशी स्टँडवर एअरब्रश अडकवले होते, एक नाही, चांगले चार. थोरलीचं खोकं पिशवीतच थोडं लहान झालं.

धाकटी ॲप्रनला हात पुसत उठली. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. तिला बघून थोरलीला एकदम भडभडून आलं, आणि भडभडून आलं की ती करायची तेच तिने केलं. बगळ्याची मान जरा जाड झालीय म्हणाली. धाकटी हसली. मग थोरलीने खोकं पुढे केलं आणि बसमध्ये जुळवलेली वाक्यं म्हणून टाकली, भराभर, पाठांतर म्हटल्यासारखी.

धाकटीने खोकं उघडलं. कप बघितला. एअरब्रश डाव्या हातात घेतला, बोट बटणावर ठेवलं, आणि तिचा चेहरा बदलला. थोरली तेवढ्यासाठीच आली होती. लहानपणी नवा चाकू, नवी पेन्सिल, काहीही हाती आलं की धाकटीचा चेहरा असाच व्हायचा, आणि ते बघायला म्हणून थोरली स्वतःच्या वस्तूही तिला देऊन टाकायची.

थोरलीने लगेच पिशवीतून रंगाच्या बाटल्या काढल्या. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं, मग ड्रॉपरने शेजारच्या ग्लासातलं साधं पाणी कपात घातलं. नळी जोडली, करड्या पुठ्ठ्याचा तुकडा समोर उभा केला आणि पाणी उडवायला लागली. पाण्याने पुठ्ठा काळसर होत गेला. एका कडेला दाट, मग विरत विरत काहीच नाही. मधली घडी उमटली, देठाजवळचा खळगा उमटला. पीच होतं. नुसत्या पाण्याचं, पण हात लावला तर लव लागेल असं. दोघी बघत उभ्या राहिल्या. पुठ्ठा वाळत गेला आणि कडेपासून ते पुसट व्हायला लागलं.

"कुणासाठी घेतलास, ताई?"

"फळं करायची आहेत. अख्खं दुकान भरून."

"मी कुणासाठी विचारलं."

थोरलीची सगळी तयारी संपली होती. "परत ये ना, छोटे," ती म्हणाली. "तुझ्या कामावर वरून ब्रश नाही लावणार. कधीच नाही."

"तुला राहवणार नाही."

"नाही राहवलं तर माझे हात बांधून ठेव."

धाकटी हसली, पण तिचे डोळे भरले होते. तिने एअरब्रशमधलं पाणी काढून टाकलं, सुई बाहेर ओढली, पुसली, परत घातली. हे सगळं करताना तिने थोरलीकडे पाहिलं नाही.

"राग नाहीये गं. राग केव्हाच गेला," ती म्हणाली. "पण इथे मी एखादी गोष्ट संपवली की ती संपते. कुणी येऊन ती पुन्हा उघडत नाही. त्याची सवय झालीय मला, ताई. आता सोडवत नाही."

थोरलीने बगळ्याकडे पाहिलं. तो बगळा पूर्ण झालेला होता, आणि खरं सांगायचं तर त्याची मानही काही जाड नव्हती.

पुठ्ठा पार कोरडा झाला. धाकटीने ॲप्रन काढला, खोकं काखेत मारलं आणि म्हणाली, चल, दुकान उघडं असेल, बदलून घेऊ.

दुकानदाराने दोघींना एकत्र येताना पाहिलं आणि काही न विचारता भिंग कपाळावर चढवलं. धाकटीने भिंतीवरच्या एअरब्रशांवरून एक नजर फिरवली आणि पिस्तुलासारखा घोडा असलेला मागितला. यात मुठीत धरून घोडा ओढायचा; थोडा ओढला की हवा, आणखी ओढला की रंग. दाबणं वेगळं आणि ओढणं वेगळं ही भानगड नाही. हिला दोन गोष्टी एकापाठोपाठ करायचा धीर नाही, धाकटी दुकानदाराला सांगत होती, ही दाबेल आणि ओढेल एकदमच, आणि सगळीकडे शिंतोडे उडवेल. शिवाय हिच्या अंगठ्याचा सांधा सुजतो, पेनासारखं धरून हिला तासभरही काम होणार नाही. कप वरचा द्या, मोठा, पुन्हा पुन्हा भरायचा कंटाळा करते. नळी आखूड. ही जागची हलत नाही, लांब नळी पायातच येईल.

थोरली बाजूला उभी राहून स्वतःबद्दल ऐकत होती. एरवी कुणी तिच्याबद्दल एवढं बोललं असतं तर तिने त्याला उभं केलं नसतं.

कॉम्प्रेसर धाकटीने तो खणखणीत वाजणाराच घेतला. कारखान्यातला गुणगुणणारा उद्या माणूस पाठवून परत न्या, तिने सांगितलं. ही सबंध वेळ मोठ्याने बडबडत काम करते. मुकं मशीन घेतलं तर ते चालू राहिलंय हे हिच्या गावीही नसेल. आणि हवेतलं पाणी अडवायची बाटली काचेचीच द्या, आरपार दिसणारी. हिला दिसल्याशिवाय काही पटत नाही. ते ऐकताना थोरलीने मान खाली घातली. जुन्या कॉम्प्रेसरचं काय झालं ते तिने धाकटीला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती, असं दिसत होतं.

दुकानदाराने पिस्तूल तिच्या हातात दिलं. मूठ मिटली. अंगठा दुखला नाही, खांदा वर चढला नाही, टोक डोळ्यांसमोर स्वच्छ होतं. जणू तिच्याच साच्यातून काढलेलं. जगात तिला इतकं ओळखणारं दुसरं माणूस नव्हतं, आणि तेच माणूस तिची अशी चोख सोय लावत होतं की पुन्हा कशासाठी बोलवायला नको. थोरलीला आनंदही झाला आणि काळजात कळही आली, आणि दोन्हीतलं जास्त कोणतं ते तिला सांगता आलं नसतं.

सुट्टीच्या दिवशी धाकटी शिकवायला कारखान्यात आली. आपल्या जुन्या टेबलापाशी क्षणभर थांबली, मग थोरलीच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. रंग दुधाइतका पातळ करायचा, तिने दाखवलं. आधी हवा, मग रंग, आणि थांबताना आधी रंग बंद, हवा शेवटी. वर्तमानपत्रावर ठिपके काढायचे, मग रेघा, मग सावली.

सकाळ सगळी शिंतोड्यांत गेली. थोरलीने पिस्तुलाला शिव्या दिल्या, कॉम्प्रेसरला दिल्या, ज्याने हे शोधून काढलं त्याला दिल्या, आणि शिकवणारी धड नसली की असंच व्हायचं म्हणून धाकटीलाही दिल्या. कॉम्प्रेसरच्या आवाजावर तिला ओरडावं लागत होतं आणि त्या आवाजाने धाकटी कपाळ चोळत होती, पण हसत होती. तिने एकदाही थोरलीच्या हातातून हत्यार काढून घेतलं नाही. हात पाठीमागे बांधून उभी राहिली आणि तोंडाने सांगत राहिली. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत दोन माणसांचे आवाज होते. थोरलीला वाटलं, हा दिवस असाच लांबत जावा, संपूच नये.

जेवणानंतर हात बसायला लागला. थोरलीला ते धाकटीच्या आधी कळलं. घोडा ओढला आणि रंग नुसता श्वासासारखा आला, पिवळ्यावर लाल कुठे बसला ते दिसलंच नाही. तिने चटकन दुसरं फळ घेतलं आणि त्यावर थेंब उडवला. धाकटी म्हणाली, हात सैल ठेव. तिसऱ्या फळावर ओघळ आला. चौथ्यावर पुन्हा थेंब. धाकटी सांगत राहिली, जवळ नेऊ नकोस, घोडा हळू सोड. थोरली मान डोलावत राहिली आणि फळं बिघडवत राहिली.

मग धाकटीने पुढे होऊन कॉम्प्रेसर बंद केला.

"मुद्दाम करतेयस, ताई."

"नाही गं."

"सकाळी जमत नव्हतं तेव्हा तू मला, मशीनला, सगळ्या जगाला शिव्या घालत होतीस. आता चार फळं वाया गेली आणि तू गप्प आहेस."

थोरलीने पिस्तूल मांडीवर ठेवलं. बाहेर गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

"जमलं तर तू जाशील," ती म्हणाली.

धाकटी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने थोरलीचे रंगाने माखलेले दोन्ही हात हातात घेतले. "नाही जमलं तरी जाईनच गं. पण मग माझं सारखं इकडे लक्ष लागून राहील. तिकडे हात चालेल आणि मन इथे. ताईचं काय होत असेल, कुणी मदतीला असेल का, हेच डोक्यात राहील."

ती हे समजावण्यासाठी बोलली होती. पण थोरलीच्या मनात भलतंच आलं. म्हणजे नाही जमलं तर निम्मी धाकटी इथेच राहणार होती. रोज. त्या बगळ्यांपाशी उभी असतानासुद्धा. थोरलीला त्याचा मोह झाला. आपल्याला किती मोह झाला हे बघून तिची तिलाच लाज वाटली. करायचं काय होतं? काहीच नाही. नुसतं थोडं घाईने ओढायचं, आणखी दोन थेंब उडू द्यायचे, आणि म्हणायचं, जाऊ दे, माझ्या हाताला नाही हे.

धाकटीचा अंगठा तिच्या सुजलेल्या सांध्यावरून हळूहळू फिरत होता. धाकटीच्या कपाळाची शीर उडत होती. दिवसभर त्या आवाजात उभी राहिली होती, आणि आता दोन दिवस अंधार करून पडणार होती, हे थोरलीला तिच्या डोळ्यांवरून कळत होतं.

थोरलीने हात सोडवून घेतले. कॉम्प्रेसर चालू केला, टोपलीतून नवीन पीच उचललं आणि ते जितकं चांगलं जमत होतं तितकं चांगलं रंगवलं. आधी हवा, मग रंग. लाली घडीपासून सुरू झाली आणि विरत विरत पिवळ्यात गेली, कुठे गेली ते कुणालाही सांगता आलं नसतं. थांबताना तिने आधी रंग बंद केला. मग हवा. फळ टेबलावर ठेवून तिने धाकटीकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरून ओझं उतरताना पाहिलं.

"जा आता," थोरली म्हणाली. "दुखतंय ना डोकं. घरी जाऊन पड."

धाकटीने पर्स घेतली, थोरलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर पडली. थोरलीने पुढचं पीच उचललं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात स्थिर होता, आणि तेही पीच चांगलंच झालं.